अनुकृती : नजरेची शाळा



‘नक्कल’ या शब्दाला आपल्याकडे कमीपणा चिकटला आहे. शाळेत नक्कल हा अपराध आणि रंगभूमीवर विनोद! तैलचित्रणाच्या शिक्षणात मात्र तिला फार जुना मान आहे. पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ साली लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून चित्रकार तेथे थोरांच्या चित्रांसमोर बसून अनुकृती करीत आले आहेत. अनुकृती मूळ चित्राच्या मापाची असू नये, असा तेथील दंडक आहे. अभ्यास आणि लबाडी यांतील सीमारेषा त्याने आखली आहे.

१८६७ च्या वसंतात सव्वीस वर्षांच्या क्लोद मोने याने याच लूव्रमध्ये परवानगी मागितली, ती मात्र निराळी. आतल्या चित्रांकडे पाठ फिरवून त्याने इमारतीच्या पूर्वेकडील स्तंभावलीवरून बाहेरचे शहर रंगविले. त्या वेळच्या तीन चित्रांपैकी ‘राजकन्येची बाग’ हे आज अमेरिकेतील ओबर्लिनच्या संग्रहालयात आहे. खाली हिरवळीचा सपाट पट्टा, त्यापलीकडे झाडे आणि गाड्यांची वर्दळ, क्षितिजावर पँथिऑनचा घुमट आणि वर ढगाळ आकाश.

नवशिक्याने हे चित्र समोर घ्यावे. त्यासाठी प्रथम चौकडी आखून मोठे आकार बसवावेत. घुमट जरा सरकला तरी सारे शहर कलते. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या मातकट रंगात केवळ छायाप्रकाश मांडावा. वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवावे. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. तेलकट थरावर पातळ थर चढविला तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडकतो. इथे उतावळेपणाला क्षमा नाही.

खरी परीक्षा हिरव्या रंगाची. नळीतला हिरवा जसाच्या तसा लावला की बाग पत्र्याची दिसते. पिवळ्या-निळ्याच्या मिश्रणात किंचित तांबडा घातला की तो शांत होतो. दूरच्या इमारतींतला काळोख सौम्य करावा, म्हणजे मधली हवा जाणवते. रस्त्यावरची माणसे दोन-तीन फटकाऱ्यांचीच आहेत. त्यांना नाकडोळे काढणारा विद्यार्थी चित्र बिघडवितो. काय गाळावे, हे येथे हाताला कळते.

आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांना असे मूळ चित्र पाहायला मिळत नाही. महाराज सयाजीरावांनी बडोद्यात युरोपीय तैलचित्रांचा संग्रह उभारला, ही त्या शहराची भाग्यरेषा. इतरांना ग्रंथालयातील छापील चित्रांवाचून गती नाही. छापील चित्र माप हरवते आणि रंगही बदलते. म्हणून एकाच चित्राच्या दोन पुस्तकांतील छपाया शेजारी ठेवाव्यात. दोन्हींतला हिरवा जुळला नाही, की विद्यार्थी विचार करू लागतो.

अनुकृती पूर्ण झाल्यावर मूळ चित्रकाराची सही उतरवू नये. कॅनव्हासच्या पाठीवर ‘अनुकृती’ असे लिहून आपले नाव घालावे. त्यानंतर मोनेने केले तेच करावे : पुस्तक मिटावे, खिडकी उघडावी आणि आपल्या गावची बाग रंगवावी. ती साधली नाही, तर पुस्तक पुन्हा उघडण्यासाठी ग्रंथालय आहेच.