आधी ऊब, मग दूध



डिसेंबर उजाडला की आमच्या निफाड तालुक्यात पहाटे द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटतात. पारा ५-६ अंशांवर घसरला की मण्यांना तडे जायची धास्ती असते. मग बागायतदार घोंगडी पांघरून ओळीओळीतून धूर करत फिरतो, ठिबकचं पाणी सोडतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात आज किती अंशांची नोंद झाली, हे त्याला सकाळच्या चहाआधी कळलेलं असतं. आणि त्याच बागेच्या बांधाला, कडब्याच्या गंजीच्या बुडाशी, मळ्यावरची कुत्री त्याच रात्री व्यालेली असते. सकाळी गडी वैरण काढायला जातो तेव्हा सहा पिल्लांतली दोन ताठ पडलेली दिसतात. ‘थंडीनं गेली’ एवढं म्हणून ती पुरली जातात. पशुवैद्य म्हणून ३० वर्षं मी हे वाक्य ऐकलं. त्यातली कितीतरी पिल्लं वाचली असती, म्हणून आज इथं बोलायला आलो आहे.

भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. कुत्रीचे दिवस साधारण ६३, म्हणजे दोन महिने. भाद्रपदात दोन महिने मिळवा, कार्तिक येतो. जरा उशीर झाला तर मार्गशीर्ष, पौष. गावकुत्र्यांची बरीच वेतं ऐन गारठ्यात होतात, ती अशी. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला आकडा मला विसरता येत नाही. वयात येईपर्यंत १०० मागे साधारण १९ पिल्लं जगली. सगळी काही थंडीनं गेली नव्हती. निम्म्याहून जास्त मृत्यूंना माणूस या ना त्या रीतीनं कारण होता. पण माणूस जिथं कारण असतो, तिथं त्याला हात पुढं करायलाही जागा असते.

नुकतं जन्मलेलं गावठी पिल्लू पाव किलोचं, फार तर साडेतीनशे ग्रॅमचं. अंग ओलं, कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच. आणि मुख्य म्हणजे त्याला कुडकुडता येत नाही. आपण कुडकुडतो तेव्हा स्नायू थरथरून ऊब तयार करत असतात. पिल्लाला पहिला आठवडाभर ते साधत नाही. मोठ्या कुत्र्याचं अंग साडेअडतीस-एकोणचाळीस अंश सेल्सिअस, आपल्यापेक्षाही गरम. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं अंग ३५-३६ अंश, आणि तेवढंही बाहेरून ऊब मिळाली तरच टिकतं. स्वतःची ऊब नीट राखायला त्याला चौथा आठवडा उजाडावा लागतो.

डोळे मिटलेले, कान बंद, अशा अवस्थेत ते मान डावी-उजवीकडे झुलवत पोटावर सरकत असतं. ते ऊब हुडकत असतं. कुत्र्याच्या नाकाच्या ओल्या शेंड्याला थोड्या अंतरावरची मंद उष्णताही जाणवते, असं स्वीडन आणि हंगेरीतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं. ते प्रयोग मोठ्या कुत्र्यांवर झाले, पण व्यालेल्या कुत्रीपाशी दहा मिनिटं बसून पाहिलं तर त्या झुलणाऱ्या नाकाचा अर्थ कळतो. मधे वीतभर गार फरशी आली तरी पिल्लाची ही वाट अर्ध्यावर थांबते.

नोकरीतल्या सुरुवातीच्या एका हिवाळ्याची गोष्ट सांगतो. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा सकाळी दवाखाना उघडायच्या आत पायरीवर येऊन बसला होता. स्वतःची कानटोपी काढून तिच्यात त्यानं एक तांबूस पिल्लू आणलं होतं. पिल्लू गार, ढिलं, तोंड किंचित उघडं. मला वाटलं, भुकेनं गळालंय. दूध कोमट केलं आणि ड्रॉपरनं थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडलं. मुलाला म्हणालो, आता ठीक होईल. दुपारपर्यंत ते गेलं. उघडून पाहिलं तर दूध पोटात जसंच्या तसं होतं आणि थोडं फुप्फुसात उतरलं होतं. ती चूक माझी होती. मुलगा बराच वेळ पायरीवर रिकामी कानटोपी मांडीवर घेऊन बसून होता.

पिल्लाचं अंग ३४-३५ अंशांच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल थांबते. पोटात गेलेलं दूध पचत नाही, पडून राहतं. गिळायची ताकद नसल्यामुळे ते श्वासनलिकेत उतरतं. म्हणून गारठलेलं पिल्लू हातात आलं की दुधाची वाटी बाजूला ठेवा. त्याच्या तोंडात आपली करंगळी हलकेच घालून बघा. तोंड आतून उबदार असेल आणि पिल्लू बोट चोखू लागलं, तर काळजी कमी. तोंड आतून गार लागलं, तर आधी ऊब द्यायची.

ती कशी द्यायची? पिल्लू मऊ कपड्यानं पुसून कोरडं करा आणि सदऱ्याच्या आत, पोटाच्या उघड्या कातडीशी धरा. बायकांनी पदराखाली घ्यावं. तास, दोन तास, कधी तीन तास लागतात. चुलीपुढं धरू नका, कढत पाण्यात बुडवू नका. वरून कातडी भाजते आणि आतलं अंग गारच राहतं. अधूनमधून कूस बदला. हळूहळू ते वळवळतं, नाक खुपसायला लागतं. तेव्हाच आईच्या आचळाला लावा. पहिल्या दिवसातला चीक पोटात जाणं फार मोलाचं. आईकडची रोगांशी झुंजायची ताकद पिल्लाला त्यातून मिळते आणि दिवसभरानं आतड्याचं ते दार बंद होतं.

गार पडलेल्या पिल्लाला कुत्री पुष्कळदा नाकानं बाजूला सारते. लोक म्हणतात, आईनंच टाकलं, आता हात लावून उपयोग नाही. तसं मानू नका. तेच पिल्लू गरम करून, हालचाल करू लागल्यावर परत ठेवलं की तीच आई त्याला चाटायला लागल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

आई खरंच नसेल, तर वरचं दूध द्यावं लागतं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, त्यामुळे नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू पोसत नाही, शिवाय हगवण लागते. पिल्लांसाठीची दूध-भुकटी मिळते, ती डॉक्टरांना विचारून आणा. आणि पाजताना पिल्लू पोटावर असू द्या. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजू नका.

आता जागा. कुत्रीला जागेची जाण असते. ती गंजीचं बूड धरते, उकिरड्याची कड धरते, कारण कुजणारं शेणखत आतून गरम असतं. उभ्या ट्रॅक्टरखाली, गाडीखाली शिरते. म्हणून या दिवसांत गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा. घरी जागा करायची तर पडवीचा वाऱ्याआडचा कोपरा धरा. फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर थेट काही अंथरू नका. दोन फळ्या किंवा चार विटा ठेवून त्यावर लाकडी खोकं अगर पुठ्ठ्याचं जाड खोकं मांडा. कुत्री एका कुशीवर पाय पसरून झोपू शकेल एवढं ते मोठं हवं. पुढची कड वीतभर उंच ठेवा, म्हणजे आईला ओलांडता येते, पिल्लू बाहेर घरंगळत नाही. आत भाताचा पेंढा घाला. गव्हाचा बारीक भुसा नको, तो नाकातोंडात जातो. बारदान वापरणार असाल तर सुटलेले दोरे कापून टाका; पिल्लाच्या पायाला सुतळी गुंतून पाय काळानिळा पडलेला मी पाहिला आहे. आणि रोज हात घालून बघा, खाली ओल आहे का. ओलं अंथरूण असलं तर वरची सारी ऊब वाया जाते.

बल्बबद्दल खास सांगतो, कारण इथं चांगल्या मनाची माणसं चुकतात. पिल्लांना थंडी वाजू नये म्हणून खोक्यावर मोठा बल्ब टांगतात, वरून गोधडी झाकतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना २९ ते ३२ अंश हवे असतात, हे बरोबर. पण अंगावर केस असलेल्या, दूध पाजणाऱ्या आईला ती भट्टी होते. ती धापा टाकते, उठते, बाहेर जाऊन गार मातीत पडते. नाहीतर एकेक पिल्लू तोंडात धरून पुन्हा त्या गंजीपाशी नेऊन ठेवते. म्हणून ऊब खोक्याच्या एकाच टोकाला द्या, दुसरं टोक गार राहू द्या. आत तार असलेला, गरम होणारा बल्ब हवा. एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाही. बल्ब दोन हात वर, पक्का बांधलेला, वायर आईच्या दातांपासून दूर. पिल्लं काय करतात ते बघा. एकावर एक ढीग करून किंकाळत असतील तर थंडी आहे. एकमेकांपासून लांब, भिंतीला चिकटून पडली असतील तर गरम होतंय. शेजारीशेजारी सैल पसरून झोपली असतील, झोपेत पाय झटकत असतील, तर हात लावू नका.

वीज जाते तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. ती गार झाली की लगेच काढा. गार बाटली पिल्लाच्याच अंगातली ऊब ओढून घेते. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका. बाळंतिणीला शेक द्यायची आपली रीत आहे, त्या मायेनंच लोक हे करतात. पण त्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. तिथं पिल्लं, कुत्री आणि शेजारी झोपलेला माणूस, सगळ्यांच्याच जिवाला धोका.

आईच्या पोटाकडेही बघायला हवं. सहा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं. दिवसातून तीन-चार वेळा द्या: भाकरी कुस्करून कोमट सुपात, भात, उकडलेलं अंडं, आणि भरपूर पाणी, गारठ्यात कोमट करून. तीही बाळंतीणच, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या डिंकाचा लाडू पुढं करतात. त्यात बऱ्याचदा मनुका असतात, आणि मनुका-द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. आपल्या बागेची टाकाऊ द्राक्षंही तिच्यापुढं टाकू नका. तसाच कांदा. लासलगाव आपल्याच तालुक्यात, कांद्याशिवाय आपलं कालवण होत नाही. पण कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तिच्यासाठी रस्सा नको, कांदा-मीठ-मसाला घालण्याआधी काढलेलं पाणी द्या.

आणि एक खूण लक्षात ठेवा. व्याल्यावर दोन-चार आठवड्यांनी कुत्री थरथरायला लागली, ताठ पायांनी चालू लागली, धाप लागली, तर ‘थंडी भरली’ म्हणून तिच्यावर गोधडी टाकून निजू नका. दुधावाटे कॅल्शियम निघून गेल्यावर असं होतं. तिचं अंग गार नसतं, तापलेलं असतं. पुढं आचके येतात आणि काही तासांत ती जाऊ शकते. पिल्लं बाजूला घ्या आणि रात्र असली तरी डॉक्टरांना गाठा. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं की बहुतेक कुत्र्या सावरतात. हे टाळायचं म्हणून गाभणपणात आपल्या मनानं कॅल्शियमच्या गोळ्या मात्र देऊ नका, त्यानं उलटच होतं.

चौथ्या आठवड्यात एखाद्या सकाळी खोक्याच्या कडेवर दोन पुढचे पाय दिसतील. एक पिल्लू कड ओलांडून बाहेर पडेल, धडपडेल, अंगणातल्या उन्हाच्या तिरिपेत जाऊन बसेल, आणि त्याच्यामागून दुसरं येईल. त्या दिवसापासून दिवसाचा बल्ब बंद करा. पहाटेचा आणखी आठवडाभर असू द्या.