भावनेला नाव सापडताना

'कसं वाटतंय?' या साध्या प्रश्नाला अनेक स्वमग्न प्रौढांकडे उत्तर नसतं. छाती धडधडतेय, पोटात गोळा आलाय, एवढं कळतं. पण हा राग की भीती, हे उमगत नाही. त्यात चारचौघांसारखं वागण्याचं सोंग दिवसभर वठवायचं!

हा ताण जिवावर बेतू शकतो. इंग्लंडमध्ये अ‍ॅस्पर्जर या स्वमग्नतेच्या प्रकाराचं निदान झालेल्या ३७४ प्रौढांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६६ टक्के लोकांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं होतं.

इथे आशा दाखवते डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजेच डीबीटी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ती घडवली, आणि २०११ मध्ये आपणही तरुणपणी आत्महत्येच्या विचारांतून गेल्याचं जाहीरपणे सांगितलं. या उपचारात गटात बसून चक्क सराव करतात: भावना ओळखायची, तिला नाव द्यायचं, अनावर झाली तर तोंडावर गार पाणी घेऊन हृदयाची गती उतरवायची. आजीचा उपाय वाटेल, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. जोडीला समुपदेशकाशी स्वतंत्र भेटीही असतात.

नेदरलँड्समध्ये १२३ स्वमग्न प्रौढांवर याची चाचणी झाली. सहा महिन्यांच्या उपचाराअखेर आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न, दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक घटले. मात्र सुरुवातीपासून वर्षभराने हा फरक ठळक उरला नाही. म्हणजे उपचार संपला तरी आधार सुटता कामा नये.

असे विचार छळत असतील, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.