जपून ठेवलेला प्रश्न

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून काविळीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या विकाराच्या शोधाची जी कथा पुण्यात घडली, तीत विद्येच्या उपासकांनी ध्यानी धरावे असे पुष्कळ आहे; आणि आपल्या घरच्या आरोग्याशीही तिचा निकटचा संबंध आहे.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ उसळली. पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे पिण्याचे पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. क्लोरीनची मात्रा वाढवल्याने विषमज्वराची साथ टळली; काविळीला मात्र आळा बसला नाही. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्यांत तरुण व प्रौढ अधिक होते, आणि गर्भवती स्त्रियांना हा आजार विशेष घातक ठरला. तत्कालीन ज्ञानानुसार तो आज ज्याला आपण हिपॅटायटिस ए म्हणतो तोच आजार समजला गेला.

त्या रुग्णांपैकी काहींचे रक्तनमुने मात्र जपून ठेवले गेले. पुढे ए आणि बी ओळखणाऱ्या चाचण्या उपलब्ध झाल्या, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खुर्शीद पावरी, डॉ. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांसमवेत हे जुने नमुने, तसेच अहमदाबाद व पुणे येथील नंतरच्या साथींचे नमुने तपासले. भारतात हिपॅटायटिस ए बहुतेकांना बालपणीच होऊन जातो. या प्रौढांच्या रक्तातही त्याच्या जुन्याच खुणा होत्या. ताजा संसर्ग ना ए चा होता, ना बी चा. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डॉ. खुरू यांनी काश्मीरमधील साथीवरून स्वतंत्रपणे हेच अनुमान मांडले. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ बालायान यांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून विषाणूचे कण दाखवले. त्यालाच आज हिपॅटायटिस ई म्हणतात. पुण्यात डॉ. विद्या अरणकल्ले यांनी या विषाणूचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपल्याकडील डुकरांत आढळलेला ई विषाणू माणसांमधील साथीच्या विषाणूहून निराळ्या प्रकारचा आहे, हे त्या अभ्यासातून दिसले. म्हणजे आपल्या साथींचे मूळ शोधायचे ते पिण्याच्या पाण्यात मिसळणाऱ्या सांडपाण्यातच.

ज्यांनी ते नमुने जपले, त्यांच्या हाती उत्तर नव्हते. त्यांनी पुरावा सांभाळला, म्हणून पंचवीस वर्षांनी इतरांना प्रश्न पुन्हा विचारता आला. उत्तर पाठ करणे आपण मुलांना सहज शिकवतो. न सुटलेल्या प्रश्नाची प्रामाणिक नोंद ठेवण्यासही तितक्याच अगत्याने शिकवले पाहिजे.

आता घरातली गोष्ट. कावीळ झाली की माळ घालणे, कावीळ ‘उतरवून’ घेणे ही रूढी आपल्या सुशिक्षित कुटुंबांतही टिकून आहे. ए आणि ई ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाल्यास शंभरांतील पंधरा ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. तेथे माळेची वाट पाहणे म्हणजे दोन जीव पणाला लावणे होय. बी आणि सी तर अनेकदा कावीळ न दाखवताच वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. त्यांचा शेवट सिरोसिस वा कर्करोगात होऊ शकतो.

म्हणून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. उन्हाळ्यात बेंगळुरूची कितीतरी घरे टँकरच्या पाण्यावर चालतात. ते पाणी उकळूनच प्या, आणि इमारतीची भूमिगत टाकी वेळच्या वेळी स्वच्छ करवून घ्या. नवजात बाळाला हिपॅटायटिस बी ची पहिली लस चोवीस तासांच्या आत मिळाली ना, हे विचारा. बी आणि सी ची तपासणी व उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. त्यांचा संकोच न बाळगता लाभ घ्या. आणि घरातील लेकीसुनेचे डोळे गरोदरपणी पिवळे दिसले, तर त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्या. या सभागृहातून जाताना एवढा एक निश्चय आपण सोबत नेलात, तरी आजच्या माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी मानीन.