न्हाणीतलं चित्र कोणी निवडायचं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला विषय विचारला तेव्हा मी "बाथरूममधलं चित्र" असं सांगितलं. त्यावर एक सभासद म्हणाले, "काहून थट्टा करता सर, रौप्यमहोत्सव आहे!" थट्टा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण चाळिशीत होतो. आज साठी-सत्तरीत आहोत. सध्या बिल्डिंगमध्ये जी ठोकठाक ऐकू येते ती बहुतेक बाथरूमचीच. इंडियन काढून कमोड, गुळगुळीत फरशी काढून खडबडीत. आणि मी पडलो चित्रकलेचा मास्तर, म्हणून मुलं, सुना मला विचारतात, "सर, बाबांच्या बाथरूमच्या भिंतीवर काय लावू?"

आपल्याकडे भिंत म्हटली की देव आणि कॅलेंडर. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. १९७३ पासून 'कालनिर्णय' आलं. पण न्हाणीत काय होतं? साबणाचा कोनाडा, टॉवेलचा खिळा, बाजूला बंब. देवाचं चित्र तिथे लावायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक. ते आजही पाळावं. म्हणून ती भिंत कोरीच राहिली.

चित्रानं काय होतं, असं कोणी म्हणेल. आपल्या जिन्याचे कोपरे आठवा. खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झाले होते. कमिटीनं सर्व धर्मांच्या चित्रांच्या टाइल्स लावल्या आणि कोपरे स्वच्छ झाले. नोटीस लावून झालं नव्हतं, ते चित्रानं झालं!

जपानमध्ये तर न्हाणीतल्या चित्राची परंपराच आहे. तिथे सार्वजनिक स्नानगृहं असतात, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. १९१२ मध्ये टोकियोतल्या कांदा नावाच्या भागात (हसू नका, नावच तसं आहे) एका स्नानगृहाच्या भिंतीवर फुजी पर्वत रंगवला गेला. लहान मुलांना आंघोळीला यावंसं वाटावं, हा हेतू. पुढे ती पद्धतच पडली. वाफेनं रंग जातो, म्हणून चित्रकार येऊन पुन्हा रंगवतो. मावळता सूर्य काढत नाहीत, धंदा बुडेल म्हणून. माकडही नाही, कारण त्यांच्या भाषेत माकडाचा शब्द 'निघून जाणे' या शब्दासारखा ऐकू येतो. बघा, आंघोळीच्या भिंतीचा तिथे किती विचार!

आता कामाचं बोलतो.

पहिली गोष्ट, आधी दांडा, मग चित्र. कमोडजवळ आणि नळाजवळ कमरेच्या उंचीवर स्टीलचा दांडा भिंतीत पक्का बसवा. पाय घसरला की माणूस हाताला येईल ते धरतो. तिथे काचेची फ्रेम असली तर फ्रेमही येते आणि माणूसही. म्हणून बाथरूममध्ये काच नको आणि हाताच्या टप्प्यात लटकती फ्रेम नको.

दुसरी, कागद नको. लॅमिनेशन केलं तरी कडेनं ओल शिरते आणि फुगतं. छापील सिरॅमिक टाइल सर्वांत टिकाऊ. नाहीतर आपल्या गावातले फ्लेक्सवाले सनबोर्डवर विनाइल प्रिंट काढून देतात. कडा सिलिकॉननं बंद करून घ्या. गिझरपासून लांब, पाणी थेट उडणार नाही अशा भिंतीवर लावा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग गडद, चकचकीत चित्रावर लगेच दिसतात. फिकट आणि मॅट चित्रावर तेवढे दिसत नाहीत.

तिसरी गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. उंची. आपण उभं राहून माप घेतो आणि पाच फुटांवर चित्र लावतो. बाबा तर स्टुलावर बसून आंघोळ करतात. त्यांची नजर असते साडेतीन फुटांवर. तिथे बसून बघा, मग खूण करा. चित्र मोठं आणि ठळक हवं. आंघोळीला चष्मा नसतो, त्यात मोतीबिंदू. बारीक नक्षी म्हणजे धूसर ठिपके. आणि खोलीचा भास देणारी थ्रीडी फरशी तर मुळीच नको. म्हाताऱ्या पायाला तिथे खड्डा वाटतो.

राहिलं, चित्र कशाचं? इथे माझं खरं म्हणणं आहे. आपल्या पिढीतल्या पुरुषानं घरात काय निवडलं? सायकल, रेडिओ, पुढे स्कूटर. पडदे, रंग, भिंती बायकोच्या. ती गेली की सुनेच्या किंवा मुलाच्या. आपल्याच एका शेजाऱ्यांचं सांगतो, त्यांची परवानगी घेतली आहे. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. वहिनी गेल्या. पुण्याच्या मुलांनी बाथरूम नवं केलं आणि डॉल्फिनच्या टाइल्स पसंत केल्या. भाऊ म्हणाले, "मले लाल गाडी पाह्यजे. सागाच्या झाडाईतून जाणारी." मुलं हसली. "बाबा, बाथरूममध्ये एसटी?" भाऊ म्हणाले, "आंघोळ मी करतो. तुम्ही तं पुण्याले रायता."

मग आम्ही दोघांनी पांढरकवडा रस्त्यावर जाऊन फोटो काढला. दीड तास बसलो तेव्हा मनासारखी गाडी मिळाली. अडीच फूट रुंद प्रिंट, स्टुलासमोर. वहिनी गेल्यापासून भाऊ दोन-दोन दिवस आंघोळ टाळायचे, हे शेजाऱ्यांना माहीत होतं. आता सकाळी सहाला त्यांच्या नळाचा आवाज येतो. सगळं चित्रानंच झालं असं मी म्हणत नाही. पण घरातली एक भिंत त्यांनी स्वतः निवडली, एवढं नक्की.

म्हणून मुलांनो, सुनांनो, दुकानातली होडी किंवा दगडावर दगड ठेवलेलं चित्र आणण्याआधी बाबांना विचारा. पहिल्यांदा ते म्हणतील, "काही पण लावा." दुसऱ्यांदा विचारा. कोणाला सहस्रकुंडचा धबधबा हवा असेल, कोणाला फुललेला पळस, कोणाला वेचणीला आलेलं कपाशीचं शेत, कोणाला टिपेश्वरचा वाघ. आणि कोणी म्हणालं, "भिंत कोरीच राहू द्या," तर तीही निवडच आहे. मान द्या.

संस्थेच्या पंचवीस वर्षांबद्दल सर्वांचं अभिनंदन. सगळ्यांचे पाय घट्ट राहोत.