आकाशातील गावठाण

अंतराळात मनुष्यवस्ती वसवावयाची झाल्यास ती कशी असावी, हा प्रश्न आता केवळ कल्पित कथांपुरता उरलेला नाही. 2 नोव्हेंबर 2000 पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एक दिवसही निर्मनुष्य राहिलेले नाही. 2025 च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला तेथे अठरा दिवस राहून आले, आणि 2035 पर्यंत भारताचे स्वतःचे स्थानक उभारण्याचा संकल्प सरकारने जाहीर केलेला आहे. तथापि स्थानक म्हणजे गाव नव्हे. स्थानकात निवडलेली माणसे कामगिरीवर जातात आणि मुदत संपली की परततात. जेथे मुले जन्माला यावयाची, वृद्धांनी दिवस काढावयाचे आणि शेजाऱ्यांची भांडणे होऊन मिटावयाची, त्या वस्तीचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो.

असा विचार 1975 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत झाला. प्रिन्स्टनचे पदार्थवैज्ञानिक जेरार्ड ओनील यांच्या कल्पनेवरून नासाच्या एम्स केंद्रात आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात काही तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी दहा हजार माणसांच्या वसाहतीचा आराखडा तयार केला. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे एक प्रचंड पोकळ कडे मिनिटास एक फेरा या गतीने स्वतःभोवती फिरावे, म्हणजे आतील रहिवाशांना पृथ्वीवरील वजनाचा अनुभव येईल. आरशांनी सूर्यप्रकाश आत घ्यावा. बांधकामाचे बहुतेक द्रव्य चंद्रावरून आणावे. हे गणित विस्मयकारक खरेच. परंतु मला अधिक मोलाची वाटतात ती त्याच अहवालातील साधी पाने. माणसाच्या दृष्टीला लांबवर जाता आले पाहिजे. वसाहतीचा काही भाग इतरांच्या नजरेआड असला पाहिजे. डोळ्यांसमोर काही वाढणारे, उगवणारे असले पाहिजे, अशा अपेक्षा तेथे नोंदविल्या आहेत. सारेच मानवनिर्मित असलेल्या जगात राहणाऱ्याला भोवतालचे जग खरे आहे की आपल्या मनाचा खेळ, असा भ्रम पडू शकेल, हे भयही त्यांना वाटले होते.

हे भय समजून घेण्यासाठी आकाशात जाण्याचे कारण नाही. सुरतेपर्यंत गेले तरी पुरे. तापीच्या उत्तरेस, अमरोलीलगत, मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर कोसाड आहे. एके काळचे हे खेडे आता महानगरपालिकेच्या हद्दीत असून 2005 साली आरंभिलेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाखाली तेथे शहरातील झोपडपट्टीवासीयांसाठी हजारो घरांची वसाहत उभी राहिली. घर पक्के, नळ आणि संडास घरातच. ज्यांनी तापीचे पूर झोपडीत सोसले त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही. पण ती वसाहत गाव म्हणून वाढली नाही, एकदम मांडली गेली, आणि जुन्या वस्तीत जे आपोआप होते ते तेथे आराखड्याबाहेर राहिले. सुरतेत स्त्रिया घरबसल्या साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवितात. हे काम व्यापाऱ्याच्या माणसाने दारात आणून टाकले तरच चालते. खानदेशातून गेलेली आपली मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत दाटीने राहतात, ती अशाच कामाच्या आणि कारखान्यांच्या जवळिकीसाठी. अशा कुटुंबाला शहराच्या दुसऱ्या टोकास उत्तम घर दिले, तरी त्याबरोबर मिळकतीचा एक भाग हिरावला जाण्याचा धोका असतोच. नकाशात खोली दिसते, ओटा दिसत नाही. आणि कित्येकदा संसार ओट्यावरच चालतो.

किल्लारीची गोष्ट याहून बोलकी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुनी गावठाणे दाट, वाड्यांच्या भिंती एकमेकींस टेकलेल्या. नवी गावे चौपटासारखी आखलेली, रस्ते रुंद, घरे दूरदूर. सुरक्षितता आली. पण सावलीचा बोळ गेला आणि शेजारणीची हाक घरात ऐकू येईनाशी झाली. सद्हेतूने, घाईत, दुसऱ्यासाठी आखणाऱ्याकडून हे घडतेच.

अंतराळात या चुका अधिक महाग पडतील, कारण तेथे हवादेखील सामाईक मालमत्ता. अ‍ॅरिझोनातील 'बायोस्फिअर 2' या बंदिस्त काचगृहात 1991 ते 1993 अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. सुपीक मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू वापरीत राहिले, त्यातून निर्माण झालेला कर्बवायू काँक्रीटने शोषला, आणि प्राणवायूचे प्रमाण एकवीस टक्क्यांवरून चौदाच्या आसपास उतरले; अखेर तो बाहेरून भरावा लागला. पोट अर्धे भरलेले, दम लागलेला, अशा त्या आठांचेही दोन तट पडले. आठांत हे, तर दहा हजारांत काय होईल? पाण्याच्या टाकीची दुरुस्ती कोणी करावी यावरून आपल्या इमारतींत बोलणे बंद होते. तेथे वाद प्राणवायूच्या यंत्राचा असेल. वर्गणी थकविणाऱ्याची हवा तोडता येणार नाही, आणि यंत्राची किल्ली ज्याच्या हाती तो कोणालाही राजा वाटेल. म्हणून त्या यंत्रावर रहिवाशांचा अधिकार कसा राहील, हे कड्याचा व्यास ठरविण्यापूर्वी ठरले पाहिजे.

आणखी एक फरक आहे. पुनर्वसनाच्या वसाहतीत ज्याचे जमत नाही तो घर भाड्याने देऊन पुन्हा कामाजवळ जाऊन राहतो. अधिकाऱ्यांना हे रुचत नाही. पण आराखड्याची खोट उघड होते ती अशा निघून जाण्यातूनच. त्या फिरत्या कड्यातून कोण कोठे जाईल? तेथे असंतुष्ट मनुष्य असंतुष्टच राहील आणि त्याची नोंदही होणार नाही. असा आराखडा कोणी माझ्यापुढे ठेवला, तर मी त्यात प्रथम रिकाम्या राखलेल्या खोल्या, रहिवाशांना पाडून पुन्हा उभारता येतील अशा भिंती आणि परतीच्या यानातील राखीव जागा शोधीन. आरसे आणि शेते मागाहून पाहीन.