परक्याचा घोडा सांभाळताना



गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या यांच्याविषयी आपण या कार्यक्रमात नेहमी ऐकतो. आज बोलू या घोड्याविषयी, आणि तेही दुसऱ्याच्या घोड्याविषयी.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याचा घोडा आमच्या दावणीला कशाला येतोय? तर येतो. वरातीचा घोडा बाळगणाऱ्याला लग्नसराई संपली की चार महिने जागा हवी असते. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला किंवा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत हौसेने घोडा घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तबेला असतोच असे नाही. मग जवळच्या खेड्यात ज्याच्याकडे मोकळी जागा, वैरण आणि पाणी आहे, अशा शेतकऱ्याकडे महिन्याच्या बोलीने घोडा ठेवला जातो. शेतीला हा चांगला जोडधंदा आहे. पण जोखीमही मोठी आहे. आपला बैल आजारी पडला तर नुकसान आपले. परक्याचा घोडा दगावला तर पैसा जातो आणि शब्दही जातो.

असे घोडे आजारी पडतात त्याचे एक मोठे कारण म्हणजे आपण घोड्याला बैलासारखे वागवतो. म्हणून आधी दोघांतला फरक समजून घेऊ.

घोडा म्हणजे बैल नव्हे

बैल रवंथ करतो. त्याच्या पहिल्या पोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. सकाळी पोटभर खाल्ले की तो सावलीत बसून निवांत चघळतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे. मोकळा सोडला तर तो दिवसरात्र थोडे थोडे चरत राहतो, आणि त्याचे पोट त्यासाठीच बनलेले आहे. वैरणीचे खरे पचन होते मागच्या मोठ्या आतड्यात. एका वेळी जास्त दाणा दिला, तर तो नीट न पचताच तिथे जाऊन पोहोचतो, आंबतो, वायू धरतो. त्यातून पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आत दाह होऊन घोडा पायच टाकेनासा होतो.

दुसरी गोष्ट अशी की घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले वाईट बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला नाही. तेव्हा जे तोंडात जाईल ते पारखूनच जाऊ द्यायला हवे.

घोडा घेण्यापूर्वी

मालकाशी बोलणे झाले की वहीत चार गोष्टी लिहून घ्या. घोडा आजवर काय खात होता, किती आणि किती वेळा? नाल शेवटची कधी ठोकली? धनुर्वाताची लस आणि जंताचे औषध कधी दिले? डॉक्टरांचा खर्च कोणी द्यायचा? आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, रात्री घोडा आजारी पडला आणि मालकाचा फोन लागला नाही, तर डॉक्टर बोलावण्याची मुभा आधीच घेऊन ठेवा. ‘मालकाला विचारतो, मग बघू’ म्हणत दोन तास गेले, तर ते दोन तास परत मिळत नाहीत.

नवा घोडा आला की पहिले दोन-तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून दूर बांधा. बादली, तोबरा, खरारा सगळे वेगळे ठेवा. जबड्याखाली गाठ येणे, नाकातून चिकट पू येणे, पायांवर गाठी येऊन त्या फुटणे, ही लक्षणे दिसली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. यात ग्लँडर्स नावाचा रोग असू शकतो. २००६ साली तो महाराष्ट्रात पुन्हा दिसून आला होता. तो माणसालाही होतो. त्याची खातरजमा रक्ततपासणीने होते, आणि तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

ठाण कसे असावे?

एका घोड्याला दहा बाय दहा ते बारा बाय बारा फूट जागा लागते. वारा खेळता हवा, पण पावसाची झड आत येता कामा नये. खाली चोपलेला मुरूम उत्तम. गुळगुळीत फरशीवर नाल घसरते. वर भाताचा पेंढा किंवा वाळके गवत अंथरा, आणि ओले झालेले रोज काढा. सकाळी आत शिरल्यावर मुताच्या उग्र वासाने आपले डोळे चुरचुरले, तर घोड्याची छाती रात्रभर काय सोसत असेल, याचा विचार करा.

आगाडी-पिछाडी लावून चोवीस तास बांधून ठेवू नका. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे: न फिरवल्याने. दिवसातून निदान दोन-तीन तास कुंपणाच्या आत मोकळा सोडा. फिरण्याने त्याचे आतडेही चालते राहते. कुंपणाला काटेरी तार मात्र नको.

दिवसाचा क्रम

घोड्याला घड्याळ कळते, असे जुने मोतद्दार म्हणत ते खोटे नाही. रोज त्याच वेळी, तेच, तेवढेच, हा तबेल्याचा पहिला नियम.

पहाटे उठल्यावर दाणा देण्याआधी दोन मिनिटे नुसते बघा. रात्रीची वैरण संपली का? लीद नेहमीएवढी पडली आहे का? गोळे घट्ट आहेत की पातळ? अंग घामाने ओले तर नाही? चारी पायांवर सारखा उभा आहे का? हे बघणे फुकटचे आहे आणि औषधापेक्षा मोलाचे आहे.

मग आधी पाणी, मग थोडे गवत, आणि त्यानंतर चंदी. लहान-मध्यम घोड्याला दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात आणखी. बादली रोज घासा. शेवाळ धरलेले पाणी घोडा पीत नाही, आणि पाणी कमी पडले की लीद आतच सुकते. कामावरून धापत आला असेल तर आधी हळूहळू फिरवून थंड करा, पाणी थोड्या थोड्या वेळाने द्या, आणि श्वास शांत झाल्यावरच चंदी द्या.

वैरण आणि चंदी

तीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण सहा किलो सुके खाद्य लागते. त्यातला मोठा वाटा स्वच्छ वाळल्या गवताचा असावा. ते तीन-चार वेळांत विभागून द्या, आणि रात्रीचा वाटा सर्वांत मोठा ठेवा, कारण रात्र लांब असते. कडबा द्यायचा तर बारीक कुट्टी करून, पाणी शिंपडून, गवतात मिसळून द्या.

नुसता उभा असलेला घोडा चांगल्या गवतावर राहतो. काम करणाऱ्याला मात्र चंदी हवी. भिजवलेला हरभरा, भरडलेले जव, थोडा गव्हाचा कोंडा. एका वेळी एक किलोच्या वर नको. रोज तीस ग्रॅमभर मीठ द्या. खाणे बदलायचे असेल तर सात ते दहा दिवस लावून जुने कमी आणि नवे जास्त करत न्या. पाहुणा आला म्हणून पहिल्याच दिवशी घमेलेभर हरभरा पुढे ठेवणे हा पाहुणचार नव्हे, ते संकटाला आमंत्रण आहे.

बुरशी आलेला दाणा, विशेषतः मका, घोड्याला बिलकुल देऊ नका. त्याने मेंदूवर परिणाम होऊन घोडा मरतो. कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर आलेले तिचे फुटवे यांवरही चरायला सोडू नका.

गुरांचे ते घोड्याला नको

हे नीट ऐका. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गुरांना ते सोसते. घोड्याचे हृदय त्याच्या थोड्याशा मात्रेनेही बंद पडते. म्हणून गुरांच्या पेंडीचे पोते घोड्याच्या ठाणाजवळ ठेवू नका. गोठ्यातले उरलेसुरले खाद्य त्याच्यापुढे टाकू नका.

तसेच गोचिडांसाठी आपण गुरांच्या अंगावर अमिट्राझचे औषध फवारतो. घोड्यावर ते वापरले तर त्याचे आतडे थंडावते आणि लीद अडकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुरांची कोणतीही बाटली घोड्यासाठी उघडू नका.

खूर, जखमा आणि माशा

रोज चारी खूर उचलून, माती-खडे काढून बघा. तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग काळा पडून घाण वास मारू लागला, तर ठाण ओले आहे असे समजा. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवा, मग नाल झिजलेली असो वा नसो. कारण खूर वाढतच असतो.

धनुर्वाताची बाधा घोड्याला फार लवकर होते, आणि त्याचे जंतू लिदीत व मातीत असतातच. खिळ्याची लहानशी जखमही धुऊन डॉक्टरांना दाखवा. लस नसेल तर सुरुवातीला चार आठवड्यांच्या अंतराने दोन, आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी टोचून घ्या.

पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माशांपासून सर्रा हा रोग येतो. त्याचे जंतू गाई-बैलांच्या रक्तात असूनही बरेचदा वरून काही दिसत नाही. घोडा मात्र खंगतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज चढते. म्हणून घोड्याचे ठाण गोठ्याला लागून नको, आणि उकिरडा दोन्हींपासून लांब असावा. लीद तशीच शेतात न टाकता खड्ड्यात चांगली कुजवा. उत्तम खत होते आणि माशाही कमी होतात.

पोटशूळ उठला तर

घोडा पुढच्या पायाने जमीन खरडतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, आडवा होऊन लोळतो, घाम फुटतो, लीद पडत नाही. अशा वेळी वाट बघू नका.

पुढ्यातले सगळे खाणे काढा. लगेच डॉक्टरांना कळवा. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. शेवटची लीद कधी पडली ते सांगा. जबड्याच्या कडेखाली बोट ठेवून नाडी मोजा. शांत घोड्याची नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते; साठच्या वर गेली तर दुखणे गंभीर आहे, हेही सांगा. घोडा जोरात लोळत असेल तर हळूहळू चालवा, पण दमवू नका. तो शांत पडून राहत असेल तर तसाच राहू द्या.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. बैलाचे पोट फुगल्यावर आपण नळकांड्याने तेल पाजतो, तसे घोड्याला पाजू नका. ते फुप्फुसात उतरते, आणि पोटशुळातून वाचलेला घोडा त्या तेलाने जातो. डॉक्टर नाकातून नळी घालून जे द्यायचे ते देतील.

मंडळी, यातल्या कोणत्याच गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. वेळेवर पाणी, आधी गवत मग दाणा, कोरडे ठाण, रोज उचललेला खूर आणि पहाटेची ती दोन मिनिटांची नजर, एवढे सांभाळले तर परक्याचा घोडा आला तसाच, किंबहुना अंगाने भरून, मालकाच्या हाती देता येईल. मग पुढच्या वर्षी तो मालक दुसरा घोडाही घेऊन तुमच्याच दारी येईल.