तिसरीच्या वर्गात शहर शिकवताना



मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. टीईटी आणि त्यानंतरची भरतीची वाट अजून पुढे आहे. पण आंतरवासितेच्या निमित्तानं छत्रपती संभाजीनगर या आपल्या शहरातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गांवर मी शिकवलं आणि एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. लहान मुलांना समाज शिकवायचा, तर त्यांच्या घरातलीच अशी गोष्ट हाती घ्यावी, जिच्यामागे माणसांचे कष्ट, माणसांचे निर्णय आणि माणसांनी केलेला अन्यायही सापडेल. आपल्या शहरात अशी गोष्ट शोधत फिरावं लागत नाही. ती म्हणजे पाणी.

इथल्या आठ वर्षांच्या मुलाला आपल्या गल्लीचा पाण्याचा दिवस पाठ असतो. त्या दिवशी आई पहाटे उठते, ड्रम भरले जातात, कुणी नळाला मोटर लावली म्हणून शेजारी भांडतात. नळ नसलेल्या वस्तीत टँकर येतो आणि मूल स्वतः हंडा धरून रांगेत उभं राहतं. म्हणजे या विषयात मूल अडाणी नसतं, उलट त्याला सांगायला खूप असतं. "पाणी कुठून येतं?" असं विचारलं की आधी उत्तर येतं, नळातून. मग टाकीतून. मग कुणीतरी म्हणतं, जायकवाडीतून. इथून पुढे धडा मुलंच ओढत नेतात.

जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. ही दोन नावं आणि दोन वर्षं लिहून घेतली की धडा संपतो, असा आपला रिवाज आहे. माझ्या मते तो इथं सुरू होतो. एवढा नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, भरला तर आधी तिथं काय होतं? शेतं होती, गावं होती, देवळं होती. ती माणसं कुठे गेली? एखाद्या मुलाची पणजी अशा बुडालेल्या गावची असू शकते, आणि घरी विचारल्यावर ते पहिल्यांदा कळतं. आपण पितो त्या पाण्यासाठी कुणीतरी घर सोडलं, हे आठ वर्षांच्या मुलाला समजतं. त्यासाठी 'विस्थापन' ही संज्ञा फळ्यावर लिहावी लागत नाही.

पैठणजवळच्या या धरणाचं पाणी शहरापेक्षा खाली आहे. ते पंपांनी वर चढवावं लागतं, म्हणून वीज गेली की पाणी लांबतं. एक बादली, एक रबरी नळी आणि एक स्टूल एवढ्या साहित्यात हे वर्गात दाखवता येतं. बादली स्टुलावर ठेवली तर पाणी आपोआप वाहतं, खाली ठेवली तर वाहत नाही. हे मुलांनी हातानं करून पाहिलं की मग मलिक अंबर सांगावा.

मलिक अंबर मुलांना फार आवडतो. आफ्रिकेतल्या हबसाणातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, दख्खनेत येतो आणि निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती येतो. १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी तो शहर वसवतो, आणि शहराच्या उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर वस्तीत आणतो. स्टुलावरची बादली पाहिलेल्या मुलाला हे लगेच कळतं. पाणचक्कीची सहल प्रत्येक शाळा काढते. मुलं हौदातले मासे पाहतात आणि परत येतात. पण डोंगरातल्या पाण्यानं तिथलं जातं फिरायचं, पीठ निघायचं आणि ते तिथल्या दर्ग्यात येणाऱ्या माणसांच्या जेवणासाठी लागायचं, एवढी साखळी मुलांनी जागेवर उभं राहून जुळवली, तर सहलीचा दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

आता अडचण काळाची. १६१० आणि १९१० यांतला फरक या वयात कळत नाही. मुलांच्या लेखी आजी, शिवाजी महाराज आणि आदिमानव सगळे 'खूप पूर्वी'च असतात. यासाठी मी सुतळी वापरते. पंचवीस वर्षांना एक गाठ, म्हणजे ढोबळमानानं एक पिढी. पहिली गाठ आईची, दुसरी आजीची, तिसरी पणजीची. मलिक अंबरापर्यंत सोळा-सतरा गाठी होतात. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, तिथपर्यंत अठ्ठावीस. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं. तिथं पोहोचायला पन्नास गाठी लागतात आणि सुतळी वर्गाबाहेर व्हरांड्यात जाते. मुलं सुतळीच्या कडेनं चालत जातात आणि वेरूळपाशी उभं राहून मागे आईच्या गाठीकडे पाहतात. इसवी सनांचा तक्ता पाठ करून ही जाणीव येत नाही.

पाण्याचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो लहान वर्गात टाळण्याकडे आपला कल असतो. पाणी सगळ्यांना का मिळत नव्हतं? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि हजारो माणसांसोबत ते पाणी प्यायले. मुलांना वाटतं, पाणी पिण्यात एवढं काय? त्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं: काही माणसांना तळ्याला हातसुद्धा लावू देत नव्हते. टँकरच्या रांगेत कुणी दांडगाईनं पुढे घुसलं तर किती राग येतो, हे ज्या मुलानं अनुभवलं आहे, त्याला या अन्यायाचं निदान एक टोक तरी हाती लागतं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं, हेही त्याच तासात येतं. तळ्यापासून महाविद्यालयापर्यंतची वाट मुलं स्वतः जोडतात. "वय लहान आहे, मोठं झाल्यावर कळेल," असं सांगून हा भाग सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्या घरात तो अनुभव आहे, त्यांना तो लहानपणीच कळलेला असतो. तो फक्त वर्गात बोलला जात नाही.

आणि शहराचं नाव. हा प्रश्न मला वर्गात आला आणि प्रत्येक शिक्षकाला येणार. "मॅडम, आजी औरंगाबाद म्हणते. ते चूक आहे का?" मी सुतळी काढली. १६१० च्या गाठीजवळ खडकी, १६२६ ला फतेहनगर, १६५३ ला औरंगाबाद, आणि २०२३ ला छत्रपती संभाजीनगर. आजी जन्मली तेव्हाचं नाव आजीच्या तोंडी आहे, शाळेच्या फलकावरचं नाव आजचं आहे. चौथीतली मुलं याच्या पुढचं विचारतात: औरंगजेबानं काय केलं? ते झाकून ठेवायचं नाही. १६८९ मध्ये त्यानं संभाजी महाराजांना हाल करून ठार मारलं, हे सांगायचं. तो १७०७ मध्ये गेला आणि त्याची कबर इथून जवळ खुलताबादला आहे, हेही सांगायचं. आणि तेवढ्याच स्पष्टपणे सांगायचं की तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहानं जे केलं, त्याचा जाब शेजारच्या बाकावरच्या मुलाला विचारता येत नाही. हे वाक्य शिक्षकानं त्या वर्गात म्हणायलाच हवं. ते पाठ्यपुस्तकात असो वा नसो.

माझ्या पाठ टाचणात प्रत्येक घटकाखाली एक प्रश्न कायम असतो: तुला कसं कळलं? मुलांची उत्तरं येतात, काका म्हणाले, मोबाइलवर पाहिलं, दरवाजावर लिहिलंय. मग आम्ही ती वेगवेगळी लावतो. उदाहरणार्थ, आपलं शहर बावन्न दरवाजांचं म्हटलं जातं. भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकई दरवाजा ही नावं मुलं भराभर सांगतात, पुढे अडखळतात. बावन्न कुणी मोजले? कुणाला विचारायचं? तिसरीतलं मूल इथं इतिहासकाराचं पहिलं काम करतं, आणि ते त्याला जमतं.

बालभारतीनं तिसरीसाठी प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं परिसर अभ्यासाचं पुस्तक काढलं. ही कल्पना मला राज्याच्या अभ्यासक्रमातली सर्वांत शहाणी वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली, तिच्यामागेही मूल जिथं आहे तिथून सुरुवात करण्याचाच विचार होता. पण जिल्ह्याचं पुस्तकसुद्धा 'रिकाम्या जागा भरा' आणि गाइडमधल्या उत्तरांत संपवता येतं. जिल्ह्यातील प्रमुख नदी, गोदावरी. प्रमुख धरण, जायकवाडी. दहापैकी दहा. त्याच मुलाच्या घरी त्या दिवशी पाणी आलेलं नसतं आणि या दोन गोष्टींचा संबंध त्याला कुणी दाखवलेला नसतो.

म्हणून मला आज इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबांची उर्दूतली किंवा मोडीतली कागदपत्रं पेटीत असतील. काहींच्या आयांनी नहरीचं किंवा आडाचं पाणी भरलं असेल. काहींचं मूळ गाव नाथसागराखाली गेलं असेल. तुमच्या जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा आणि तिसरीच्या वर्गाचा परिसर अभ्यासाचा एक तास मागून घ्या. भाषण तयार करू नका. कागद असेल तर त्याची झेरॉक्स आणा, हंडा असेल तर हंडा आणा. मुलं विचारतील: तुम्ही किती लांबून पाणी आणायचात? आडावर कुणाला येऊ देत नव्हते? गाव बुडालं तेव्हा पैसे मिळाले का? कागदावर कुणाचं नाव आहे? जे आठवतं ते सांगा, आठवत नसेल तर तसं सांगा, आणि मुलांना ते वहीत लिहून घेऊ द्या.